रोहिणीनं सजवलेली अडगळ

सणसरच्या रोहिणीला राग आला की ती भांडत नाही, कामाला लागते. घरातली पातेली आरशासारखी चकाकू लागली की तिचा नवरा रविराज गुपचूप मळ्याकडं निघतो, आणि अंगणही धुतलेलं दिसलं तर सासरे तात्याबा देवळात जाऊन बसतात. बारामती एमआयडीसीतल्या डेअरीत ती दुधाच्या पिशव्या भरायला जाते. तिथल्या बायका म्हणतात, "रोहिणे, दिवाळीच्या आधी आमच्याकडं ये की एकदा. कुणीतरी तुला टाकून बोलंल अशी सोय करतो."

यंदाचा राग मात्र जुना होता, चौदा वर्षं मुरलेला, आणि तो होता तिच्या आईवर.

आई ठमाबाई इंदापूरच्या पलीकडं मुलाजवळ राहायची. लेकीच्या घरी पाहुणचार घ्यायचा नाही, हा तिचा नेम. भेटायला यायची ती स्वतःची भाकरी फडक्यात बांधून. सोप्याच्या कडेला बसून खायची, लेकीच्या घरचं मीठसुद्धा मागायची नाही, आणि दिवस मावळायच्या आत एसटीला उभी. "लेकीच्या घरी मुक्काम माझ्या आयनं न्हाय केला, मी बी न्हाय करणार." चौदा वर्षांत एक रात्र नाही!

यंदा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन बारामतीत ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस धूर नको, धूळ नको, मधे दोनदा तपासायला आणा. भावाच्या घरी तर दिवसभर चूल पेटलेली. "आये, आठ दिवस माझ्याकडं," रोहिणी म्हणाली. ठमाबाई म्हणाली, "बघू." रोहिणीनं त्या 'बघू'लाच होकार धरलं आणि पावण्यांच्या खोलीचं कुलूप काढलं.

ही खोली घर बांधताना तात्याबांनी हौसेनं काढलेली. पण तिच्यात पहिले पाहुणे आले ते उसाच्या ठिबकच्या नळ्या, आणि त्या गेल्याच नाहीत. मागोमाग गव्हाची पत्र्याची कोठी आली, शिवणयंत्र आलं, वारा न देणारा कूलर आला. माणूस तेवढा कधी आला नाही.

"मामा, ही अडगळ शेडात टाकते."

"टाक की," तात्याबा म्हणाले. "फकस्त पैसं मागू नगंस."

मागतंय कोण? पगारातून रंगाचा एक डबा आला, तो तीनच भिंतींना पुरला. चौथीला तिनं चुन्यात नीळ कालवून दिली. एक भिंत मुद्दाम वेगळी ठेवायची हल्ली फॅशनच आहे, हे तिला नंतर मोबाइलवर कळलं आणि स्वतःचं फार कौतुक वाटलं. भिंतीला लागून पलंग मांडला. लग्नातल्या दोन साड्यांचे पडदे झाले, पडद्याला दांडी उरलेल्या पाइपाची. पतसंस्थेनं भेट दिलेल्या घड्याळात अध्यक्ष हात जोडून उभे होते. त्यांच्या तोंडावर तिनं मोगऱ्याचं चित्र चिकटवलं. अध्यक्ष पहिल्यांदाच सुवासिक झाले. कोंबड्या कोंडायचं जुनं डालगं घासून, रंगवून दिव्याभोवती टांगलं. संध्याकाळी दिवा लावला तर भिंतीवर जाळीदार नक्षी उमटली. दारात उभी राहून ती बघत राहिली. इथं आई निजणार.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नणंदेचा नवरा रणजित आला. तो लोणी देवकरला एका कारखान्यात सुपरवायझर. मशिनी दुरुस्तीला काढलेल्या, त्यामुळं आठ दिवस सुट्टी. खोलीत डोकावला आणि तिथंच विरघळला.

"वैनी, हाटेलच केलं की हो!" म्हणत त्यानं पलंगावर अंग टाकलं. पायमोजे पडद्याच्या दांडीवर वाळत घातले.

"दाजी, उद्या आय यायची हाय माझी."

"येऊ द्या की! आमची काय अडचण न्हाय."

रोहिणीनं सासऱ्यांकडं पाहिलं. तात्याबांनी छताकडं पाहिलं. "जावयाचा मान पयला, बाई. आपल्यात तसंच हाय." आणि रविराज? पातेली चमकायची वाटही न बघता तो मळ्यात पोचला होता.

त्या संध्याकाळी रोहिणीनं जेवढं घासण्यासारखं होतं तेवढं घासलं. मांजरसुद्धा लांबून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोहिणीनं दवाखान्यातून आईला आणलं, रिक्षा दारात थांबली. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, हातात फडक्यातली भाकरी, अशी ठमाबाई उतरली. सोप्यातच उभी राहिली.

"खोलीत जावई हाय व्हय? बरं झालं बाई. न्हायतर बी मी तितं निजणार न्हवते. पावण्यासारखं पलंगावर बसायचं आन् लेकीकडनं सेवा घ्यायची? मला एसटीत बसव."

आत जावई हलेना, बाहेर आई टेकेना. खोली इतकी देखणी झाली होती, की जिच्यासाठी केली तिलाच ती परकी झाली. रोहिणीचे कान तापले. खोलीत पाहुणाच झोपतो म्हणून जावई आत, आणि पाहुणाच झोपतो म्हणून आई बाहेर!

"आये, तुला पावणी व्हायचं न्हाय न्हवं? मग बस हितंच."

ती तरातरा शेडात गेली. नळ्यांचं भेंडोळं नळाखाली धुतलं, पुसलं आणि खोलीत आणून टाकलं.

"वैनी, हे काय?"

"पाय वर घ्या, दाजी."

दुसरं भेंडोळं आलं. मग शिवणयंत्र. मग कूलर, तोही अंघोळ घालून. रणजित पलंगावर गुडघे जवळ घेऊन पुरात अडकल्यासारखा बसला.

"मामा," रोहिणी सोप्याकडं तोंड करून ओरडली, "ही अडगळीची खोली हाय. जावयाला अडगळीत निजवायचं का? गावात आपली काय पत राह्यल?"

तात्याबा उठून खोलीच्या दाराशी आले. "जावईबापू," ते हताश होऊन म्हणाले, "भायेर या. टीव्हीम्होरं गादी टाकतो."

रणजित मोजे गोळा करून गेला. रोहिणीनं चादर बदलली आणि आईचा हात धरून तिला आत आणलं. ठमाबाई चाचपडू लागली.

"हे काय?"

"ठिबकच्या नळ्या."

"आन् हे?"

"कूलर. चालत न्हाय."

तेवढ्यात दारात गडगडाट झाला. तात्याबा गव्हाची कोठी ढकलत आले होते. धापा टाकत म्हणाले, "ही राह्यली हुती."

रोहिणी सासऱ्यांकडं बघतच राहिली. ते पटकन वळून चालते झाले.

"अडगळीत पावणं निजतात व्हय गं, आये?"

"न्हाय," ठमाबाई म्हणाली.

"मग नीज."

ठमाबाई पलंगाच्या कडेवर टेकली. मग जरा आत सरकली. मग फडकं सोडलं. भाकरी दोनच होत्या. एक तिनं लेकीपुढं धरली. "एवढ्याच आणल्यात," ती पुटपुटली. "उद्याचं तुझं तू बघ."

रोहिणीनं भाकरी घेतली. रागातच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तपासून आणलं. पट्टी निघाली होती. पलंगावर बसून ठमाबाईनं नव्या डोळ्यानं निळी भिंत पाहिली, पडदे पाहिले, मोगरा पाहिला. रोहिणी दारात थांबली होती. शेवटी ठमाबाईनं वर पाहिलं.

"आगं, डालगं वर टांगलंस! मग कोंबड्या कशात कोंडतीस?"

बस्स, एवढंच! रोहिणीचे कान पुन्हा तापले. ओलं फडकं घेऊन ती खाली बसली आणि आधीच लखलखणाऱ्या नळ्या पुसू लागली.

"कोपऱ्यातली राह्यली बघ," पलंगावरून आई म्हणाली.