मामाजींचं बी.कॉम.

मामाजी पहिल्यांदा वर्गात शिरले तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो होतो. धोतर, बंद गळ्याचा काळा कोट, काळी टोपी आणि कानाकडे वळलेल्या भरघोस मिशा. नागपूरच्या कॉमर्स कॉलेजात जमाखर्च शिकवणारे प्राध्यापक असेच दिसत असणार, अशी आमची समजूत झाली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले.

"बसा ना बाप्पा," ते म्हणाले. "मी बी शिकालेच आलो."

ती बोली ऐकली आणि मी मागे वळून पाहिलं. मी गोंदियाचा. वडील तिथल्या एका धान गिरणीच्या कचेरीत होते. आमच्या घरी मराठी आणि बाजारात हिंदी चालायची, पण आठवडी बाजाराला येणाऱ्या खेड्यांतल्या माणसांची ही बोली मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तास संपल्यावर मी त्यांना गाठलं. अर्जुनीच्या पुढे, आमच्याकडच्या प्रतापगडचा डोंगर दिसतो तिथे त्यांचं गाव होतं. "तू गोंदियाचा, मी अर्जुनीकडचा," ते म्हणाले. "नागपुरात एवढं नातं खूब झालं. आजपासून मी तुह्या मामा." त्याच संध्याकाळी माझी ट्रंक त्यांच्या खोलीत गेली. महिनाभरात सारं कॉलेज त्यांना मामाजी म्हणू लागलं. एकदा हजेरी घेताना प्राध्यापकांच्याही तोंडून 'मामाजी' निघून गेलं. ते गोरेमोरे झाले. मामाजी मात्र शांतपणे "हजर" म्हणाले.

या वयात ते शिकायला का आले, हे मला पुढे हळूहळू कळलं. तरुणपणी ते इंटर पास झाले होते. मग वडील वारले आणि शेती, पाटीलकी, धाकटी भावंडं आणि गावचा तलाव, सगळंच अंगावर पडलं. घराणं कोहळी समाजाचं. तलाव बांधायचे आणि राखायचे, हेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पुस्तकं पेटीत गेली ती गेलीच. धाकटा भाऊ नांगराला लागल्यावर मामींनीच विषय काढला. मामाजी तो प्रसंग मोठ्या चवीनं सांगत. "मले म्हणे, अजी, तुम्ही झोपेत इंग्रजी बोलून राहता. मले त्यातलं काई समजत नाही. एकदाचे जाऊन या, म्हंजे माही झोप तरी होईल."

अकाउंटन्सी आम्हा पोरांना रडवत होती. कोणतं खातं नावे टाकायचं आणि कोणतं जमा करायचं, यात आमची रोज गल्लत व्हायची. मामाजींनी त्यावर आपला तोडगा काढला होता. ते प्रत्येक व्यवहाराकडे धानाच्या बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, पाण्यासारखं पाहत. "पानी एका बांधीतून निघालं, तर दुसऱ्या कोनाच्या तरी बांधीत गेलंच पायजे," ते मला सांगत. "नाही गेलं, तर मधात कुठं खेकड्यानं भोक पाडलं आहे. ते हुडकाचं." आणि खरोखरच ताळा जमला नाही की ते वहीवर वाकून "खेकडा कुठं आहे रे" असं पुटपुटत बसत. प्राध्यापक पुण्याकडचे, सडपातळ आणि कडक शिस्तीचे. त्यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी मामाजींना उभं करून सगळं पुन्हा सांगायला लावलं. ऐकताना ते हसले नाहीत. पण पुढच्या तासाला माझी बेरीज चुकली तेव्हा त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवून विचारलं, "इथे खेकडा आहे का, पाहा."

घसारा हा मामाजींचा सगळ्यात आवडता धडा. वापरलेल्या वस्तूची किंमत दरवर्षी थोडी कमी धरायची, ही कल्पना त्यांना इतकी पटली की त्यांनी ती सगळीकडे लावली. कोटाचं कोपर फाटलं की घसारा. खाणावळीतलं वरण पातळ झालं की घसारा. सुट्टीत घरी जाऊन आले की आरशात मिशीतला पांढरा केस दाखवत आणि म्हणत, "यंदाचा हप्ता पडला."

त्यांचं दुखणं वेगळंच होतं. डोकं चालायचं, पण हात चालायचा नाही. कुदळीनं आणि नांगरानं ती बोटं अशी जाड आणि ताठर झाली होती की टाक त्यांत हरवून जायचा. प्रत्येक अक्षर दगडात कोरल्यासारखं मोठं आणि सावकाश उमटायचं. तीन तासांच्या पेपरात आमचा ताळेबंद पुरा होऊन आम्ही शाई वाळवत बसायचो, तेव्हा मामाजी अजून समासाची रेघ मारत असायचे.

शेवटच्या परीक्षेतही तेच झालं. अकाउंट्सच्या पेपरची घंटा वाजली आणि त्यांचं अर्धं गणित तसंच राहिलं. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "पानी निघालं होतं बाबू, बांधीपर्यंत पोचलं नाही."

निकाल वर्तमानपत्रात यायचा. मी गोंदियाच्या स्टेशनवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. स्टॉलवाल्यानं गठ्ठा सोडून पहिला अंक माझ्या हातात दिला. माझा नंबर सापडला. मी तो रकाना वरून खाली आणि खालून वर पुन्हा पुन्हा वाचला.

"आपका तो है ना बाबूजी?" स्टॉलवाल्यानं विचारलं.

"है."

"फिर किसका ढूँढ रहे हो?"

 अंक घडी करून खिशात घातला आणि अर्जुनीकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसलो. निकाल मीच घेऊन येईन, असा मी मामाजींना शब्द दिला होता.

अर्जुनीला मामाजींचा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता. बैलांच्या शिंगांना रंग दिलेला होता. माझं तोंड पाहून त्यानं लगेच बैल हाकले. गावात शिरताच मला तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, मांडव दिसला. चुलींवर मोठे हंडे चढले होते. शेजारच्या गावची दंडारीची मंडळी नाच-गाण्यासाठी आली होती आणि ढोलकी तापवत बसली होती. पाटील पास होणार, हे गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

मामाजी मांडवाबाहेर येऊन उभे होते.

"माह्या नंबर नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही मामाजी."

"आन तुह्या?"

"आहे."

 मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंग तोंड काऊन पाडून राहिलास? सैपाक तर झाला आहे. खाऊन घेऊ." आणि मला धरून ते मांडवात गेले. "ऐका हो," त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आपला भाचा बी.कॉम. पास झाला. मी राहिलो. आजचं जेवन त्याच्या नावाचं."

 मग एका म्हाताऱ्यानं मामाजींसाठी आणलेला हार माझ्या गळ्यात घातला आणि ढोलकी वाजू लागली. मी नवरदेवासारखा मधोमध बसलो होतो. मामाजी मात्र पंगतीत फिरून वाढत होते आणि ज्याला त्याला आग्रह करत होते. त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. फक्त दंडार सुरू झाल्यावर ते एकटेच पाळीवर जाऊन बसलेले मी पाहिले.

मामींनी मला चुलीपाशी बोलावलं. बुटक्या, सावळ्या आणि कमी बोलणाऱ्या.

"कायच्यात राहिले?"

"अकाउंट्समध्ये. गणित पुरं झालं नाही."

"येत नव्हतं काय?"

"येतं, मामीजी. हात मागं राहतो."

त्यांनी भाताचा हंडा उतरवला. "मंग हाताचंच पाहू," त्या म्हणाल्या.

पावसाळा सरता सरता फेरपरीक्षा होती. मला अजून नोकरी लागलेली नव्हती, म्हणून मामींनी मला ठेवूनच घेतलं. त्यांनी मामाजींच्या हातची कुदळ, विळा, बैलांचे कासरे, सगळं काढून घेतलं. रोज संध्याकाळी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून त्या त्यांच्या बोटांना चोळायच्या. सकाळी मी जुने पेपर घालायचो आणि मामाजी पाळीवरच्या चिंचेखाली पाट मांडून ते सोडवायचे. जाणारायेणारा प्रत्येक जण थांबून विचारपूस करी आणि त्यात वेळ जाई. मग मामींनी कोतवालाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी गावात दवंडी फिरली. "पाटील पेपर सोडवून राहिले. ऊन डोक्यावर येईपर्यंत पाळीवर कोनी बोलू नोका." गुराख्यानं त्या वेळेपुरत्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा सोडून ठेवल्या. बाया पाण्याला येत त्या खुणांनी बोलत. एक शेळी तेवढी ऐकत नसे, तिला मामींनी बांधून घातलं.

त्याच दिवसांत देश स्वतंत्र झाला. शाळेपुढे झेंडा लागला, पोरांना गूळ वाटला. परत येताना मामाजी म्हणाले, "इंग्रज गेले बाबू, पन त्यायचा एक पेपर माह्यापाशी राहून गेला."

हाताला हळूहळू वेग आला. अक्षर पूर्वीपेक्षा वाकडं येऊ लागलं आणि त्याचा मामाजींना भारी आनंद होता. "पाय, किती घाण लिवलं," असं म्हणून ते मला वही दाखवत.

नागपूरला निघायचा दिवस आला आणि हस्ताचा पाऊस कोसळू लागला. रात्रभर थांबला नाही. सकाळी ओरडा झाला की तुडूमाजवळ, म्हणजे तलावाचं पाणी शेतांत सोडायच्या दाराजवळ, पाळीतून पाणी झिरपून राहिलं आहे. सारं गाव टोपल्या आणि बांबूचे तट्टे घेऊन धावलं. मी मामाजींची ट्रंक घेऊन पोचलो, तेव्हा ते कोटासकट कमरेभर पाण्यात उतरून मातीच्या टोपल्या रिचवत होते.

मामी पाळीवरून चालत आल्या. त्यांनी वाकून मामाजींच्या हातातली टोपली घेतली.

"गाडीची येळ झाली, अजी."

"पाळ फुटली तर साऱ्या गावाचं धान जाईल."

"इथं गावभर हात आहेत. पेपर लिवाले तुमचेच दोन आहेत. निघा."

मामाजींनी भावाकडे पाहिलं. तो छातीभर पाण्यात तट्टा धरून उभा होता. "जा ना दादा," तो म्हणाला, "आम्ही आहो ना."

मामाजी बाहेर आले. मी आयुष्यात त्यांना फक्त त्या वेळी रडताना पाहिलं. पाऊस इतका होता की दुसऱ्या कोणाला ते कळलं नसेल. वाटेत गाडी नदीच्या पुलावरून गेली तेव्हा त्यांनी पाणी पाहवत नाही म्हणून खिडकी लावून घेतली. 

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेच्या हॉलबाहेर थांबलो. घंटा झाल्यावर ते बाहेर आले. कोटावर चिखल तसाच वाळलेला होता आणि बोटं शाईनं निळी झाली होती.

"पुरं झालं?" मी विचारलं.

"झालं. घंटीच्या आधी झालं. काय लिवलं ते आठवत नाही, पन दोनी बाजू सारख्या आल्या." आणि ते तिथूनच स्टेशनकडे चालू लागले.

अर्जुनीला भाऊ फलाटावर उभा होता. गाडी थांबायच्या आधीच मामाजींनी दारातून विचारलं, "पाळ?"

"आहे जागेवर. पेपर?"

"आहे तो बी."

मामाजी तिसऱ्या वर्गात पास झाले. त्यांनी दुसरा मांडव घातला नाही. मामींना घेऊन ते प्रतापगडला गेले, डोंगरावर महादेवाला आणि दर्ग्याला दोन्हीकडे नारळ फोडून आले आणि दुसऱ्या दिवशी धान कापायला उतरले. नोकरी कुठे पाहणार, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांना तो प्रश्नच चमत्कारिक वाटला. "नोकरीसाठी कोन शिकलं बा? मले ते येत नव्हतं. आता येते."

मला बिलासपूरला रेल्वेच्या हिशेब खात्यात जागा मिळाली. निघताना मामाजी आणि मामी मला पोचवायला गोंदियाला आले. फलाटावर इकडचं तिकडचं बोलणं झालं. गाडीनं शिटी दिल्यावर मामाजी खिडकीशी आले आणि जरा लाजून म्हणाले, "पत्र लिवशील तर पत्त्यावर नावापुढं बी.कॉम. घालजो. मोठ्या अक्षरात."

मी ते कधी चुकवलं नाही. कामातून वेळ मिळेल तसा लिहीत गेलो. त्यांची उत्तरं येत, घाईघाईच्या त्या वाकड्या अक्षरात. धानाची खबर, पाऊसपाणी, लेकींची लग्नं. अनेक वर्षांनी एक कार्ड आलं, ते ओळखीचं नव्हतं. अक्षर लहान मुलासारखं, एकेक सुटं काढलेलं. ते मामींनी लिहिलं होतं.

"मामा गेले. ताप आला अन् गेले. तुम्ही पत्र बंद करू नोका. पत्त्यावर नाव तेच राहू द्या. पोस्टमन पाळीवरूनच मोठ्यानं वाचत येते, ते मले आयकू येते."