एक वर्ष मागे चालणारा कॉम्प्युटर

महिपती भोईरला कॉम्प्युटरचा वीट आला होता. पण हे तो कुणाला सांगणार? अंबरनाथ एमआयडीसीतल्या बारा कंपन्यांचे कॉम्प्युटर त्याच्याच जिवावर चालत होते. वय सत्तावन्न, घर बदलापूरला मांजर्लीत. बापाचा जन्म भात लावण्यात गेला, याचा विंडोज टाकण्यात. बाप निदान दरसाल तेच पीक घ्यायचा. महिपतीला मात्र दर चार-पाच वर्षांनी शिकलेलं विसरून पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यावी लागायची.

त्यात गेली दोन वर्षं म्हणजे नुसता वैताग. विंडोज दहा येत्या चौदा ऑक्टोबरला बंद होणार, असं विंडोजवाल्या कंपनीने जाहीर केलेलं. अकरा टाकायला जावं तर निम्म्या मशिनी 'आमच्यात बसत नाही' म्हणून हात वर करायच्या. ज्याला परवडलं त्याने नव्या मशिनी घेतल्या. शहाडच्या एका शेठने सांगितलं, "साईं, लिनक्स मुफ्त में मिलता है तो वही डालो." आणि मालकांची पोरं परदेशातून शिकून आली की त्यांच्या टेबलावर मॅक हवाच. एका छपराखाली तीन सवती, एकीचं दुसरीशी पटत नाही, आणि समजूत घालायला महिपती. रात्र थोडी अन् सोंगं फार, असं झालेलं.

या बारांपैकी त्याचा खरा जीव होता निमकरांच्या स्प्रिंगच्या कारखान्यात. तिथे टेस्टिंगच्या खोलीत एक विंडोज अठ्ठ्याण्णववाला कॉम्प्युटर होता. ट्रकच्या स्प्रिंगा दाबून बघणारं मशीन त्याच्याशिवाय चालत नसे, आणि मशीन बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. एकोणीस वर्षं मालिनीताई गुरव ते मशीन चालवत होत्या. प्रत्येक लॉटचा रिपोर्ट छापायचा, सही करायची, मगच माल गाडीत चढायचा.

हा कॉम्प्युटर वर्षभर बंद करायचा नाही, असा महिपतीचा दंडक होता. फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यातली सगळी हत्यारं विश्रांती घेतात, मग यानेच काय पाप केलं? महिपती स्वतः यायचा, तो बंद करायचा, धूळ पुसायचा. मालिनीताई हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायच्या. आरती झाली की महिपती देवाचं नाव घेऊन बटण दाबायचा. आतली छोटी बॅटरी मेलेली होती आणि ती बोर्डालाच जोडलेली, काढायला जावं तर बोर्डच हातात यायचा. त्यामुळे एकदा बंद केला की कॉम्प्युटर तारीख विसरायचा. ती महिपती हाताने टाकायचा. पंधरा वर्षांत कधी चुकली नव्हती.

गेल्या खंडेनवमीला चुकली. त्या दिवशी त्याला अजून तीन कंपन्यांत जायचं होतं, खिशातला फोन सारखा थरथरत होता, आणि दोन हजार चोवीसच्या जागी बोटांनी तेवीस टाकलं. डिसेंबर संपेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. जानेवारीत मालिनीताईंना दिसलं. "भाऊ, साल मागचं छापतंय," त्या म्हणाल्या. महिपती दारातच उभा होता. "पुढच्या खेपेला बघतो ताई, तोवर पेनाने दुरुस्त करा," म्हणाला आणि गेला. पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मालिनीताई बिचाऱ्या रोज छापलेलं साल खोडून वर पेनाने खरं साल लिहीत राहिल्या.

यंदा या कॉम्प्युटरची शेवटची खंडेनवमी होती. बाहेरच्या गिऱ्हाइकाचं पत्र आलेलं की जुन्या सिस्टिमवर तपासलेला माल आम्ही घेणार नाही. नवं टेस्टिंग मशीन येऊन पडलं होतं, जुनं कॉम्प्युटरसकट दसऱ्यानंतर उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे जाणार होतं. ऑफिसातल्या बावीस मशिनींवर लिनक्स टाकायचं, हे थोरल्या निमकरांचा मुलगा सुजित याने ठरवलं. पूर्वी लिनक्सचं नाव काढलं की महिपती म्हणायचा, "फुकटाचं ते, वापरून कळेल." आता त्यानेच सहा महिने रविवार घालवून ते शिकून घेतलं होतं. सगळ्या बावीस मशिनी त्याने उभ्या केल्या. सुजित म्हणाला होता, "काका, पुढची तीन वर्षं हे तुम्हीच सांभाळा." साठीपर्यंतची सोय झाली. त्यानंतर कॉम्प्युटरकडे ढुंकून बघायचं नाही, असं महिपतीने मनाशी पक्कं केलं होतं.

खंडेनवमीला तो आला. जुना कॉम्प्युटर बंद केला, पुसला. माळ घातली, आरती झाली. तो बटण दाबणार इतक्यात सुजितने दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

टेबलावर एक रिपोर्ट होता. "मार्चच्या लॉटमधल्या स्प्रिंगा तुटल्यात," सुजित म्हणाला. "गिऱ्हाइकाचं म्हणणं आहे की हा रिपोर्ट मागच्या वर्षीचा आहे. साल खोडून वर पेनाने लिहिलंय. म्हणजे यंदाचा लॉट तपासलाच नाही, जुना कागद लावला. मालिनीताई, अक्षर तुमचं आहे ना?"

"माझंच आहे," मालिनीताई म्हणाल्या. "साल चुकत होतं म्हणून लिहिलं. लॉट मी तपासलाय."

"पुरावा काय? मला उद्या मेल करायचाय. एकोणीस वर्षं इथे काम केलेल्या माणसाला असं काढायचं मलाही जिवावर येतं."

मालिनीताईंनी महिपतीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्या नुसत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

महिपतीच्या मनात आलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटर बंदच आहे. सुरू करायचा, साल बरोबर टाकायचं, परवा भंगारात. कोण विचारणार? ताईंना अजून चार वर्षं नोकरी होती, त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही, हे त्याला माहीत होतं. त्याच्याही घरात नव्हतं. तो इतका थकला होता की खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती, आणि खरं बोलायला त्याहून जास्त लागते हे त्याला तेव्हा कळलं.

"चोर सोडून संन्याशाला कशाला धरता," तो म्हणाला. "साल मी चुकवलं. गेल्या खंडेनवमीला. ताईंनी जानेवारीतच सांगितलं मला. मी टाळलं."

सुजितने रिपोर्टवरून मान वर केली. "काका, तुम्ही?"

"चला, दाखवतो."

त्याने माळ उतरवून बाजूला ठेवली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर घरघरला, गप्प झाला, पुन्हा घरघरला. मालिनीताईंनी हात जोडले. तीन मिनिटांनी निळा पडदा आला. महिपतीने टेस्टची यादी उघडली. प्रत्येक टेस्टला मशीन आपोआप नंबर देतं, तो हाताने बदलता येत नाही. गेल्या खंडेनवमीपर्यंत नंबर आणि तारीख जोडीने पुढे जात होते. त्या दिवसानंतर नंबर पुढेच गेला, तारीख मात्र वर्षभर मागे उडाली. मार्चचा लॉट तिथे होता, खरा नंबर आणि खोटं साल घेऊन. वजनाचे आकडेही होते. ताईंनी तपासलेला होता.

सुजितने फोनमध्ये फोटो काढले. मग म्हणाला, "स्प्रिंगा का तुटल्या ते स्टीलवाल्याला विचारू. ताई, तुम्ही जा, प्रसाद घ्या." आणि महिपतीला म्हणाला, "काका, गिऱ्हाइकाच्या फॉर्मात एक रकाना असतो. चूक कुणाची आणि त्यावर काय केलं. मोकळा ठेवता येत नाही."

"भरा," महिपती म्हणाला.

मालिनीताई दारात थांबल्या होत्या. "भाऊ, नसतं सांगितलं तरी..." महिपतीने त्यांना मध्येच थांबवलं. "जानेवारीत ऐकायला हवं होतं तुमचं," महिपती म्हणाला. "मला माफ करा." मग त्याने जुन्या कॉम्प्युटरला आजची तारीख टाकली, साल दोनदा वाचलं, आणि माळ परत घातली.

पिशवी उचलून तो निघाला तेव्हा सुजितने ऑफिसातून हाक मारली. "काका, हे पत्र प्रिंट होत नाहीये. जरा बघता?"

महिपती परत फिरला. लिनक्सला प्रिंटर सापडत नव्हता, आठवड्यातून एकदा व्हायचं तसं. त्याने खुर्ची ओढली, दोन ओळी टाइप केल्या, प्रिंटर शोधून दिला. कागद बाहेर आला. बाहेरील तंत्रज्ञ श्री. महिपती भोईर यांच्या हलगर्जीमुळे तारखेची चूक झाली असून त्यांचे काम आजपासून बंद करण्यात आले आहे, असं त्यात होतं. त्याने कागद सुजितच्या हातात देण्याआधी सवयीने वरचा कोपरा बघितला. तारीख बरोबर होती.