चाळणी रंगवली नव्हती

माझी सून चौदा वर्षं चिखल धुते. लोकांना वाटतं मी टोमणा मारतेय. पण तिची नोकरीच ती. समुद्राच्या तळाला तेलासाठी भोक पाडतात, तिथला गाळ तिच्या प्रयोगशाळेत येतो. ती तो चाळणीवर धुते, वाळवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने मोहरीहून बारीक शंख वेचते. कुठल्या काळात कुठल्या आकाराचा जीव होता हे ठाऊक असतं, म्हणून शंख ओळखला की खडकाच्या थराचं वय कळतं. घरात पडलेली सुई मात्र तिला कधी सापडत नाही.

माझा मुलगा त्याच समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला आहे.

एका दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका खाली की मी दोनदा 'कोण?' विचारलं. मुलाच्या विहिरीच्या ताज्या नमुन्यात तिला एक शंख मिळाला होता. एकच. तो खरा असेल तर भोक जुन्या थराला टेकलं होतं, आणि त्याखाली वायू दबा धरून बसलेला. पुढे खणण्याआधी भोकात पोलादी नळ बसवायलाच हवा, नाहीतर सगळं उसळून फलाटावर.

"मग थांबवायला सांग की," मी म्हटलं.

"आई, मी आज चाळणी रंगवली नव्हती."

प्रत्येक नमुन्याआधी चाळणी निळ्या रंगात बुडवायची असते. जाळीत मागचं काही अडकलं असेल तर ते निळं होतं, परकं म्हणून ओळखू येतं. घाईत तिने ते टाळलं. आणि सकाळीच दुसऱ्या एका विहिरीचा गाळ धुतला होता, त्यात हेच शंख ढिगाने. हा पांढरा शंख कुठला, देव जाणे. खरं सांगितलं तर साहेब तो कचऱ्यात टाकणार आणि काम चालू ठेवणार.

आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून बजावलेली मी शिकलेली बाई. म्हटलं, "चाळणीचं तोंडातून काढू नकोस. शंख सापडला एवढंच सांग."

ती म्हणाली, "पुढच्या वेळी माझ्या शंखावर कोण विश्वास ठेवेल? फलाटावर तेव्हाही माणसंच असतील, आई." आणि फोन ठेवला.

तिने साहेबांना दोन्ही सांगितलं. अर्धा नमुना राखून ठेवलेला असतो. तो रंगवलेल्या चाळणीवर धुऊन होईपर्यंत खोदायचं यंत्र थांबवा म्हणून हात जोडले. साहेब वाट्टेल ते बोलले, पण दोन तास दिले. ते मी फोनसमोर काढले. पाणी प्यायलाही उठले नाही. तेवढ्यात वाजला तर?

राखलेल्या अर्ध्यात तीन शंख निघाले, तिन्ही पांढरे. नळ बसला. तिला लेखी ताकीद मिळाली. मुलगा ठरल्या दिवशी घरी आला, पंखा कुरकुरतो म्हणत झोपला. त्याला आम्ही काही सांगितलं नाही.

मी मात्र अजून दचकते. शंख निघाले नसते, यंत्र चालू झालं असतं आणि काही बरंवाईट घडलं असतं, तर मी तिला जन्मात माफ केलं नसतं. हे तिला कळलंय. ती विचारत नाही, मी बोलत नाही. सकाळी माझ्या गोळ्या मोजून हातावर ठेवते आणि कामाला जाते.