बोट ओळीवर, नजर चित्रावर

आधी प्रज्ञाताईचं नाव घेते. तिचं नाव घेतल्याशिवाय पुढचं सांगता यायचं नाही.

आम्ही बहारीनला, मनामात नवे होतो. मी फ्लॅटचं दार उघडायलासुद्धा घाबरायचे. तेव्हा वरच्या मजल्यावरून उतरून माझं दार वाजवणारी पहिली बाई ती. "कोणीतरी मराठीतून उतू गेलेल्या दुधाला शिव्या देत होतं," म्हणाली, "म्हटलं, आपलंच माणूस दिसतंय." ती अमरावतीकडची, आम्ही म्हसळ्याकडचे. तिचा नवरा टेक्निशियन, ती इथल्या एका इंडियन शाळेत टीचर. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा सलमानियाच्या हॉस्पिटलात माझ्या उशाशी तीच बसली होती. माझ्या नवऱ्याची सित्र्याला कंपनीत शिफ्ट होती, रजा मिळाली नाही. नर्सशी काय बोलायचं ते सगळं तीच बोलली. आणि माझ्या मुलीला — आफरीनला — वाचायला शिकवलं, तेही तिनंच.

आता जे सांगणार आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, गावाकडे बहिणीला नाही. दुआ मागतानासुद्धा या जागेपाशी आले की मी वळसा घालून पुढे जाते — जणू अल्लाला माहीतच नाही. मग तुम्हांला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? असेल. माझा चेहरा तुम्हांला दिसत नाही, एवढं तर खरंच.

माझी शाळा सातवीत सुटली. का सुटली ते सांगत बसले तर ती सबब होईल, म्हणून नाही सांगत. निकाहाच्या वेळी मामूंनी "मुलगी दहावी आहे" असं सांगितलं आणि मी मान खाली घालून बसले. ती मान मग खालीच राहिली. मराठी मला वाचता येतं, लिहिता येतं — हे मीच लिहितेय. इंग्रजीची अक्षरं सुटी सुटी ओळखू येतात. एकत्र आली की माझ्यासाठी ती भिंत. दुकानात डब्यावरचं चित्र बघून वस्तू घ्यायची, बसचा नंबर बघायचा, बाकीचं हसून निभवायचं. परक्या मुलुखात एवढ्यावर किती दिवस निघतात, तुम्हांला कल्पना नाही.

आफरीन पहिलीत मागे पडली. त्याच सुमारास प्रज्ञाताई अमेरिकेतल्या एका कॉलेजचा ऑनलाइन कोर्स करत होती. एम.ए.च्या तोडीचा, त्यातून रीडिंग स्पेशालिस्टचं सर्टिफिकेट मिळणार होतं. म्हणजे काय, ते तिनं आमच्याच स्वयंपाकघरात चहा पिताना समजावलं. "डोळ्यांचा डॉक्टर असतो ना गं, तसा वाचनाचा. मूल का अडतं ते शोधायचं आणि तिथून सोडवायचं."

"मग चष्मा पण देणार का?" आफरीनचे अब्बा म्हणाले.

"देते ना. आधी तुम्हांलाच देते, पेपर उलटा धरलाय तुम्ही."

सगळे हसले. मी जास्तच हसले.

कोर्सचा शेवटचा भाग असा होता: मागे पडलेलं एक मूल घ्यायचं, काही महिने शिकवायचं, प्रत्येक धड्याचं रेकॉर्डिंग करायचं, आणि ते मूल वाचायला लागलं हे तिकडच्या गाईड मॅडमना दाखवायचं. दाखवता आलं तर सर्टिफिकेट. ताईनं आफरीनला घेतलं. मला केवढा आनंद झाला! तिच्या अभ्यासात माझी पोर, आणि माझ्या पोरीला तिच्यासारखी टीचर.

घरचं काम एकच होतं. रोज संध्याकाळी एक छोटं पुस्तक. मोठ्या माणसानं ओळीखाली बोट फिरवत वाचून दाखवायचं, मग दोघांनी मिळून, मग मुलीनं एकटीनं. "तू वाच, नसीम," ताई म्हणाली. "आईच्या आवाजात ऐकलं की पोर लवकर धरते." नवरा कंपनीच्या बसनं थकून यायचा. तो म्हणाला, "दहावी शिकलीस ना, बस तिच्याबरोबर. इंशाल्ला होईल सगळं."

तेव्हाच सांगता आलं असतं. नाही का?

पहिल्या संध्याकाळी मगरिबनंतर आफरीन माझ्या कुशीत येऊन बसली. पुस्तकावर एक मांजर छपरावर चढलेली. मी पान उघडलं. दोन ओळी. मी त्या ओळींकडे बघत राहिले आणि आफरीन माझ्याकडे. मग मी बोट ओळीखाली ठेवलं — आणि चित्रात दिसत होतं ते आमच्या बोलीत सांगायला लागले. मांजर मासे चोरून पळाली, मच्छीवाली झाडू घेऊन मागे लागली, असं काहीबाही. बोट मात्र नीट सरकवत होते. ओळ संपली की पुढच्या ओळीवर. आफरीन खिदळली. मग थांबली. "अम्मी, इट्स रिटन लाइक धिस?" ती कायम असंच बोलते. आपण मराठीत बोलायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. समजतं तिला सगळं.

"हो," मी म्हणाले. "असंच लिहिलंय."

मग रोज तेच. ताई पुस्तक बदलायची, मी गोष्ट बनवायची. खरं सांगू? मला आवडायला लागलं होतं. आफरीनलाही. आणि ताई विचारायची, "काल वाचलं ना गं?" — मी म्हणायचे, "वाचलं की."

महिन्याभरानं ताई गोंधळली. आफरीन तिच्यासमोर पुस्तक उघडायची, बोट सुरेख फिरवायची, अगदी ओळीखालून — आणि डोळे चित्रावर ठेवून इंग्रजीत भलतीच गोष्ट सांगायची. न अडखळता. ताई आधी हसली. "तुझी लेक लेखिका होणार बघ, पुस्तकात नाही तेही वाचते." मग एक दिवस तिनं चित्रावर कागद धरला. "खलास, आता चित्र नाही. आता सांग." आफरीन रडायला लागली.

ताई माझ्याकडे येऊन बसली. "मला कळत नाही, नसीम. मुलं अंदाज करतात, पण इतकं पक्कं? बोट बरोबर आणि शब्द एकही नाही. ही सवय कुठून आली असेल?"

कुठून आली? मी तिच्यासमोर कांदा चिरत होते. मला एका क्षणात कळलं कुठून आली. माझी पोर वाचत नव्हती असं नाही — ती अगदी माझ्यासारखं वाचत होती. वाचणं म्हणजे हेच असतं, असं मी तिला शिकवलं होतं.

मी म्हणाले, "कोण जाणे, ताई."

हे झालं माझं खोटं. पण नुसतं खोटं असतं तर मी आज लिहायला बसले नसते.

गाईड मॅडमना मुलीच्या आईशी बोलायचं होतं. संध्याकाळी ताईच्या हॉलमध्ये लॅपटॉप लावला. मी चांगला ड्रेस घालून गेले. आफरीन तिथेच गालिच्यावर रंगवत बसली होती. पडद्यावर पिकलेल्या केसांच्या बाई, बोलायला मऊ. त्या विचारत होत्या, ताई मला मराठीत सांगत होती. झोप कशी, खाणं कसं, घरात कोण कोण. मग त्या जरा पुढे झुकल्या. ताई म्हणाली, "त्या विचारतायत, घरी वाचताना पुस्तकात छापलंय तेच वाचता ना? की मधून मधून आपल्या मनानं सांगता? सांगत असलात तरी काही बिघडत नाही म्हणतायत, फक्त त्यांना कळायला हवं."

काही बिघडत नाही. एवढं सोपं करून ठेवलं होतं त्या बाईनं. दार उघडून धरलं होतं.

मी म्हणाले, "छापलंय तेच. शब्द न् शब्द."

आणि आफरीननं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

 मला वाटलं, आता बोलेल. आता सांगून टाकेल. त्या भीतीनं — नाही, भीतीवर ढकलत नाही, मीच — मीच पुढे म्हणाले, "तिचंच डोकं जरा मंद आहे, ताई. घरात आम्ही सगळे जाणतो."

घरात असं कोणी कधीच म्हटलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत तो शब्द आमच्या घरात नव्हता. मी तो तिथल्या तिथे काढला आणि माझ्या सात वर्षांच्या मुलीवर ठेवला, ती ऐकत असताना, तिला कळत असताना. तिनं पुन्हा रंगवायला घेतलं. 

"असं नको गं म्हणू," ताई हळूच म्हणाली. ते वाक्य तिनं मॅडमना सांगितलंच नाही. फक्त पहिलं सांगितलं — आई शब्द न् शब्द वाचते.

मग काय व्हायचं ते झालं. घरचं सगळं नीट आहे, तर चूक शिकवण्यात असणार, असं तिकडं ठरलं. ताईचं काम मान्य झालं नाही. दुसरं मूल घेऊन पुन्हा पहिल्यापासून. आमच्यासमोर ती रडली नाही, पण दोन-चार दिवस तिचा आवाज बसल्यासारखा होता. शाळेनं आफरीनचे डोळे तपासायला सांगितले, कान तपासायला सांगितले. कानांच्या तपासणीला ती हेडफोन लावून काचेपलीकडे बसली होती. आवाज आला की बोट वर करायची. प्रत्येक वेळी बरोबर. मी अलीकडे बसून बघत होते. तिचे कान ठीक आहेत हे त्या सगळ्या इमारतीत मला एकटीला आधीपासून माहीत होतं. तिथेही सांगता आलं असतं.

एकदा लिफ्टमध्ये शेजारच्या मुलीनं तिला पाटीवरचा शब्द विचारला. आफरीन म्हणाली, "आस्क समवन एल्स. आय ॲम स्लो." कुरकुर नाही, काही नाही. आपलं नाव सांगावं तसं. एवढं इंग्रजी मला कळतं.

गोष्टी मी बंद केल्या. ताईनं नको म्हटलंय, असं आफरीनला सांगितलं — म्हणजे तेही ताईच्या माथी. ताईनं मात्र तिला सोडलं नाही. दुसऱ्या मुलाबरोबर कोर्स पुरा करत असताना, रेकॉर्डिंग नाही, मार्क नाहीत, तरी आठवड्यातून तीनदा आफरीनला वर बोलवायची. चित्रं झाकून, एकेक आवाज, एकेक अक्षर. हळूहळू माझी पोर वाचायला लागली. आता ती जाड जाड पुस्तकं वाचते. ताईला सर्टिफिकेट मिळालं. पेढे घेऊन आली तेव्हा माझ्या नवऱ्यासमोर माझा हात धरून म्हणाली, "आफरीनच्या बाबतीत नसीमनं घरून खूप साथ दिली. सगळ्या आया नाही देत." मी पेढा खाल्ला. कसा खाल्ला मी तो?

गेल्या शुक्रवारी ताई आमच्याकडे जेवायला होती. शाळेत आता तिच्या हाताखाली दोन नव्या टीचर आहेत. त्यांना काय शिकवते ते सांगता सांगता म्हणाली, "त्यांना मी आफरीनचंच उदाहरण देते. म्हणते, माझ्या पहिल्या विद्यार्थिनीच्या अडण्याचं कारण मला कधी सापडलंच नाही. मी कुठंतरी कमी पडले." हसत म्हणाली, पण इतक्या वर्षांनीही ते तिच्या मनात रुतलेलं आहे. आफरीन समोरच बसली होती. आता तेरा वर्षांची आहे. तिनं माझ्या ताटात भात वाढला आणि उठून गेली.

ती कमी पडली नव्हती. आफरीन मंद नव्हती. हे मला माहीत होतं आणि मी दोघींना तसंच मानू दिलं, कारण सातवीतून सुटलेली बाई म्हणून कोणी माझ्याकडे बघू नये. बस, एवढंच कारण. याहून मोठं काही नाही.

प्रज्ञाताईचे उपकार मी कशानं फेडणार? माझ्याकडे तिला देण्यासारखी एकच गोष्ट आहे — ते कारण, जे ती इतकी वर्षं स्वतःमध्ये शोधतेय. ते मी तिला देईन. एक दिवस वर जाईन, आफरीनला बरोबर घेऊन, आणि दोघींच्या समोर बसून सांगेन.