सोनाकाकूच्या गोधडीतली येडशी

सोनाकाकू गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. सांगायला आलेल्याला पाणी दिलं, उरलेल्या मिरच्या पसरल्या आणि मग आत जाऊन बसले. आईमागं काकूनंच मला वाढवलं. संध्याकाळी शेजारच्या जमीलाबी आणि गिरजा आल्या. मग गिरजाला काकांचा फेटा आठवला आणि किस्से निघतच गेले. चिंध्यांच्या बोचक्यासारखं असतं हे. एक ओढावी तर चार बाहेर येतात!

निजामाचं राज्य होतं. काकूची लेक शेवंता सरहद्दीपलीकडं, इंग्रजी मुलखात नांदायला जाणार होती आणि रोज रडत होती.

"तिकडं समदं सपाट हाय म्हणं. डोंगर न्हाय, काय न्हाय!"

"मग घिऊन जा की डोंगर," काकू म्हणाली. आणि आम्ही चौघी गोधडीवर आमचं गाव, येडशी, शिवायला बसलो.

* * *

डोंगर काकूनं निळ्या लुगड्याचा केला. गिरजा उमरग्याकडची, फटकळ.

"अवं काकू, डोंगर हिरवा असतो!"

"जवळ गेल्यावर. माझ्या चुलीपुढनं निळाच दिसतो!"

* * *

रामलिंगाच्या देवळाजवळच्या धबधब्याला पांढरं कापड पुरेना. एका सकाळी काका कचेरीला निघाले.

"माझा फेटा कुठं गेला?"

"धबधब्याला पाणी आलंय!" काकू म्हणाली.

काका गोधडीजवळ बसले. ओळखीचं कापड चाचपलं. "समदा वाहून गेला?"

"दादा, धोतर हाय की अजून!" जमीलाबी म्हणाली.

त्या दिवसापासून काका वाळत घातलेल्या धोतराजवळ राखणीला बसू लागले!

* * *

रेल्वे जमीलाबीनं शिवली. शेवटचा टाका पडला आणि गिरजा ओरडली, "इंजिनाचं तोंड चुकलं! ही तर येडशीकडं यायलीय. पोरगी सासरला जाणार कशी?"

जमीलाबीनं दातानं दोरा तोडला. "जाईल की बैलगाडीनं. येताना रेल्वे लागंल!"

शेवंता त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

* * *

गोधडी उपाशी ठेवायची नाही, म्हणून शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा तुकडा घालतात. काकूनं तो नेमका देवळाच्या कोपऱ्यात घातला. सकाळी बघतो तर उंदरानं शिखर कुरतडलेलं! शेवंता रडकुंडीला आली.

काकू सुई ओवत म्हणाली, "महादेवाच्या देवळात निवद ठेवला, तर गणपतीचं वाहन यायचंच!"

* * *

शेवंता निघाली. मी पाठराखीण होते आणि काकू जकातीच्या नाक्यापर्यंत पोचवायला आली होती. दिवस संशयाचे होते, सरहद्द ओलांडणाऱ्या प्रत्येकाची झडती व्हायची. जमादारानं गाठोडं सोडलं, गोधडी जमिनीवर पसरली आणि त्याचा चेहराच बदलला. डोंगर, रस्ता, रेल्वे, टेसन!

"ये तो नक्शा है! किसके वास्ते बनाए? जप्त!"

शेवंतानं गोधडीचं टोक दोन्ही हातांनी धरलं. सोडेचना.

काकू पदर सावरत पुढं झाली. "नकाशाच हाय, साहेब. पोरगी वाट चुकली तर घरी कशी यायची?"

जमादार उकिडवा बसला. बराच वेळ रस्त्यावरून बोट फिरवत राहिला. मग जरा नाराजीनं म्हणाला, "इसमें हमारा नाका किधर है?"

"कापड संपलं, साहेब. दिवाळीला पोरगी माहेरी आली की शिवते."

"बराबर सीना. झंडा भी डालना!" असं म्हणून त्यानं गोधडीची स्वतः घडी घातली आणि गाडीत ठेवली.

शेवंता दिवाळीला आली, पुढंही कितीतरी वेळा आली. नाका शिवायचा राहूनच गेला.