धुराशिवाय फोटो

दहा वर्षं धानोऱ्यातल्या लग्नांचे फोटो काढून धनराज कंटाळला होता. १९९९च्या चैत्रात त्याने नागपूरहून एका फोटोत अख्खा देखावा मावेल अशी वाइड अँगल लेन्स आणली आणि दुसऱ्याच सकाळी जंगल गाठलं. मोहफुलं वेचायला आलेली बुधरी झाडाखालचा पालापाचोळा पेटवणारच होती.

"थांब ना बाई जराशी. धुरानं फोटो पांढराच येईन."

"धूर नसला का अस्वल येते, भाऊ," ती म्हणाली. तरी थांबली.

धनराजने लेन्स फिरवली, तसा कोपऱ्यात एक काळा ठिपका हलला. अस्वलच! पण चांगलं दोन शेतं पलीकडे होतं. तो बिनधास्त पुढे सरकला.

"मागं ये भाऊ! काऊन मरून राह्यला?"

त्याने कॅमेऱ्यावरून डोळा उचलला. सगळं लहान करून दाखवणाऱ्या त्या लेन्समधून इतकं लांब दिसलेलं अस्वल वीस पावलांवर मोहफुलं खात होतं. त्याने खाणं थांबवून मान वर केली.

"बाई... पेटव," धनराज मागे सरकत म्हणाला.

बुधरीने काडी ओढली. पाला भडकला, धूर पसरला आणि अस्वल फुसफुसत झाडीत शिरलं.

"काढ आता तुहा फोटो," बुधरी म्हणाली.

धनराजने तो काढला, धुरासकट.