मरळ, मिरची आणि सासूबाईंचा अडकित्ता

माझ्या माहेरी मासा फक्त पंचांगात, मीन राशीपुरता. लग्न होऊन नंदुरबारला आले तर मागच्या अंगणातल्या हौदात हातभर लांब मरळ. घर शाकाहारी, एकादशी कडक पाळणारं, आणि हौदात ही जिवंत जीव गिळणारी बया. सासऱ्यांनी ती बोटाएवढी असताना डास खायला सोडली होती. डास होते तसेच राहिले, मरळ तेवढी वाढली.

सासरे घरात फारसं बोलत नसत. जे काय बोलायचं ते हौदाच्या कठड्यावर बसून तिच्याशी. सासूबाई तिला सवत म्हणत आणि ती आल्यापासून सहा वर्षांत त्यांनी हौदाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझा राग वेगळाच. घरात सगळ्यांत शेवटी जेवायचे मी, आणि हिचं जेवण मासेमार तापीवरून मडक्यात घेऊन यायचा.

स्वातंत्र्य मिळायच्या दहाएक वर्षं आधी, ऐन मिरचीच्या दिवसांत, सासरे आठ दिवस भुसावळला लेकीकडे निघाले आणि मरळ माझ्या गळ्यात पडली. नियम त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. नवी मासळी तीन दिवस वेगळ्या घागरीत ठेवायची, रोगट असेल ती तिथंच मरते. मरळीच्या डोक्याहून मोठा मासा द्यायचा नाही. मासळीत शिंगटी निघाली तर बाजूला काढायची, तिच्या पाठीवर आणि दोन्ही अंगांना काटे असतात. एकादशीला मरळीलाही उपास. आणि मिरचीचा हात पाण्याला लावायचा नाही. सत्यनारायणालाही एवढं सोवळं लागत नाही.

चौथ्या दिवशी अंगणात मिरचीचा ढीग पडला होता. आम्ही बायका सकाळपासून देठ खुडत होतो, हातांची नुसती आग. मी शेवटचा नियम तंतोतंत पाळला. पाण्याला हात न लावता घागर उचलली आणि हौदात पालथी केली. आत काय काय आहे ते निवडलं कोणी? मी तरी नाही.

थोड्या वेळानं हौदात धडपड ऐकू आली. मरळीचा जबडा उघडा, त्यात शिंगटी अर्धी आत, अर्धी बाहेर, काटे ताठ. तिला ना गिळता येईना, ना टाकता. ही मेली तर सुटले, असं मी मनात कितीदा म्हटलं असेल. पण सासऱ्यांना बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

मिरचीला न शिवलेले हात घरात दोनच. देवपूजेसाठी राखलेले, सासूबाईंचे. मी हाक मारली. त्या आल्या, पाहिलं, पदर खोचला. ओल्या फडक्यात धरून मरळ सरळ मांडीवर घेतली. मरळ वरची हवा घेते, म्हणून तेवढा वेळ तगली. मग कमरेचा सुपारीचा अडकित्ता काढून त्यांनी एकेक काटा कापला आणि शिंगटी ओढून काढली. सवतीला देतात त्या सगळ्या शिव्या चालूच होत्या. तिसरा काटा मात्र त्यांच्या अंगठ्यात घुसला. मरळ पाण्यात सोडल्यावर त्या मला सासऱ्यांबद्दल एवढंच म्हणाल्या, "त्यास्ले सांगू नको."

अंगठा भरताच्या वांग्यासारखा सुजला. त्यानंतर मरळीला काही खायला घालायची माझी छाती झाली नाही.

सासरे आले ते वहाणा न काढता हौदाशी गेले. तिच्या ओठावरची चीर शिंगटीच्या काट्याची, हे त्यांनी लगेच ओळखलं. काटा कोणी काढला, त्यांनी विचारलं. मी काढला, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्या मिरचीनं लाल झालेल्या हातांकडे पाहिलं आणि आत गेले. सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांनी तो अंगठा हातात घेतला, दुखतो का म्हणून विचारलं. त्यांनी सासूबाईंना काही विचारलेलं मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होते.

सासूबाईंनी हात सोडवून घेतला. "पहिले तिले खावाले द्या. चार दिन व्हयनात, उपाशी शे."

सासरे उठले नाहीत. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मग दोघं बराच वेळ बोलत बसले. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी ताट वाढून घेतलं आणि त्या घरात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी जेवले.